दोन ३०९० साठी एसएमपीएस कितीचा घ्यायचा?

तुझा प्रश्न थोडक्यात असा. घर जुळे सोलापुरात, मशीनमध्ये रायझन ९ ५९००एक्स प्रोसेसर आणि एनव्हिडियाचं एक आरटीएक्स ३०९० ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) ८५० वॉटचा, गोल्ड दर्जाचा. आता दुसरं वापरलेलं ३०९० बऱ्या भावात मिळतंय. गेमिंग करायचंय, शिवाय ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडरची (दृश्याची अंतिम चित्रं तयार करायची) कामं धरायची आहेत. एक दुकानदार म्हणाला, "८५० मध्ये भागतंय की." दुसरा म्हणाला, "१६०० च्या खाली बघूच नका." कुणाचं ऐकू, असं विचारलंयस.

उत्तर आधी देतो, कारणं मागून. ८५० वर दोन ३०९० लावू नकोस. १६०० चीही गरज नाही. चांगल्या बनावटीचा १२०० वॉटचा घे, दोन्ही कार्डांना २८० वॉटची मर्यादा घाल, आणि पैसे मोजण्याआधी घरातला तो सॉकेट व त्याचं अर्थिंग तपासून घे. शेवटचं वाक्य सहज म्हणून जोडलेलं नाही. सोलापुरात दुरुस्तीला येणारे चांगल्या कंपनीचे एसएमपीएस बहुतेक वेळा वॉट कमी पडले म्हणून गेलेले नसतात. भिंतीतून येणारी लाईट, उन्हाळा आणि धूळ, या तिघांनी ते खाल्लेले असतात. त्यामुळे डब्यावरचा आकडा मी सगळ्यात शेवटी ठरवतो.

गेमिंगचं आधी मोकळेपणाने सांगून टाकतो, कारण त्यावरच दुसरं कार्ड घ्यायचं की नाही हे ठरतं. गेमसाठी दोन कार्डं जोडायचा काळ संपला. एनव्हिडियाने १ जानेवारी २०२१ पासून एसएलआयची (दोन कार्डांवर एक गेम चालवायची सोय) नवीन ड्रायव्हर प्रोफाइलं देणं थांबवलं. ३०९० ला एनव्हीलिंकचा ब्रिज (दोन कार्डं जोडणारी पट्टी) जोडता येतो खरा, पण गेम बनवणाऱ्याने स्वतः दोन कार्डांची सोय केली असेल तरच त्याचा उपयोग, आणि तशी सोय आता जवळपास कुणी करत नाही. पुढच्या ४० मालिकेतल्या जीफोर्स कार्डांवरून तर तो कनेक्टरच काढून टाकला. म्हणजे तू गेम खेळत असशील तेव्हा दुसरं कार्ड नुसतं बसून राहणार. ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनमध्ये मात्र दोन्ही कार्डं पूर्ण कामाला लागतात, ब्रिज नसला तरी. वेळ जवळपास निम्म्यावर येतो. घरच्या घरी भाषेची एआय मॉडेलं चालवायची असतील तर २४ अधिक २४ जीबी मेमरीचा फायदा आहेच. तेव्हा रेंडरची कामं खरोखर हातात असतील तर घे. नुसत्या गेमसाठी असेल तर ते पैसे बाजूला ठेव, तुझं आहे तेच कार्ड पुरेसं आहे.

आता हिशोब. ३०९० चा कंपनीने दिलेला आकडा ३५० वॉट, काही कंपन्यांची कार्डं कारखान्यातूनच त्याहून वर सोडलेली असतात. दोन कार्डांचे ७०० धरू. ५९००एक्सवर १०५ वॉट लिहिलेलं असलं तरी तो मदरबोर्डाकडून १४२ वॉटपर्यंत ओढतो, हा आकडा धरायचा. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे, कूलरचा पंप मिळून ७०-८०. बेरीज साधारण ९२०. तुझ्या ८५० च्या डब्याला हे सरळ सरळ जास्त आहे. आज एका कार्डावर तो ५६० च्या आसपास चालतोय, म्हणून दुकानदाराला तो दणकट वाटला असेल. आहेच तो दणकट, एका कार्डापुरता.

पण बेरजेवर थांबून चालत नाही, कारण ३५० हा सरासरीचा आकडा आहे. कार्ड एका क्षणी कमी ओढतं, पुढच्या क्षणी जास्त. सेकंदाच्या हजाराव्या भागापुरता ते आपल्या सरासरीच्या दीडपटीच्याही पुढे उडी मारतं, आणि ३०८०, ३०९० ही कार्डं यासाठी चांगलीच बदनाम आहेत. घरात लावायच्या वॉटमीटरवर हे दिसत नाही, तो सावकाश वाचतो. एसएमपीएसमधल्या संरक्षणाला मात्र ते दिसतं. डब्याच्या क्षमतेपेक्षा साधारण सव्वापट-दीडपट ओढ झाली की ते सर्किट डबा बंद करतं. एकाच कार्डाची उडी असेल तर कपॅसिटरमधली साठवण ती झेलते. दोन कार्डं एकाच फ्रेमवर काम करत असली की दोघांच्या उड्या अधूनमधून एकाच वेळी पडतात, आणि तेव्हा मशीन धाडकन बंद पडतं.

हे बंद पडणं ओळखायला शीक, पुढे खूप डोकेदुखी वाचेल. एसएमपीएसने हात टेकले तर निळा स्क्रीन येत नाही, काही संदेश येत नाही. पंखे, दिवे, सगळं एका क्षणात जातं. मग पुढचं बटण दाबलं तरी बऱ्याचदा काही होत नाही. मागचा स्विच बंद करून थोडं थांबून चालू केला की मशीन उठतं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ एवढी नोंद सापडते, तीसुद्धा नुसतं "नीट बंद झालं नाही" एवढंच सांगणारी. याउलट स्क्रीन काळा झाला पण पंखे फिरतायत, किंवा एकच कार्ड गायब झालंय, लिनक्सवर एक्सआयडी ७९ (कार्डाशी संपर्क तुटल्याचा एरर) दिसतोय, तर आधी केबल, रायझर (कार्ड बोर्डाला जोडणारी केबल) आणि कार्डाचं तापमान बघायचं. दोन्ही तक्रारींना लोक "एसएमपीएस वीक आहे" असंच म्हणतात आणि उगाच डबा बदलतात.

या उड्यांसाठीच २०२२ मध्ये एटीएक्स ३.० हा नवा नियम आला. त्यात बसणाऱ्या डब्याने आपल्या वॉटच्या दुप्पट झटका १०० मायक्रोसेकंद तरी सोसला पाहिजे अशी अट आहे. पुढच्या वर्षी ३.१ आला. तुझी कार्डं जुन्या कनेक्टरची असली तरी डबा ३.० किंवा ३.१ चाच घे, तो झटके सोसायचा गुण तुला हवा आहे. फक्त त्यात एक गोम आहे, ती केबलच्या वेळी सांगतो.

दुकानात डबा हातात घेतलास की पुढचा मोठा आकडा सोड आणि कडेचा तक्ता वाच. तिथे ३.३, ५ आणि १२ व्होल्टच्या पुढे अँपिअर लिहिलेले असतात. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांचं जवळजवळ सगळं जेवण १२ व्होल्टवर असतं. चांगल्या १२०० वॉटच्या डब्यावर १२ व्होल्टपुढे १०० अँपिअर किंवा त्याच्या अगदी जवळचा आकडा असतो, १२ गुणिले १०० म्हणजे पूर्ण १२००. लोकल डब्यावर मोठ्या अक्षरांत "५०० वॉट" असतं आणि तक्त्यात १२ व्होल्टपुढे १८ अँपिअर. म्हणजे कामाचे वॉट २१६. उरलेले वॉट ५ आणि ३.३ व्होल्टवर दाखवून बेरीज फुगवलेली असते. दुकानदाराशी वाद घालायची गरज नाही, हा गुणाकार समोर करून बघायचा.

गोल्ड, प्लॅटिनम या पट्ट्यांबद्दल गैरसमज फार आहेत. ८० प्लस ही पट्टी एवढंच सांगते की भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती पुढे पोचते. गोल्डला निम्म्या लोडवर ९० टक्के लागतात, तेही ११५ व्होल्टवर. आपल्याकडे २३० असल्याने थोडं अधिकच मिळतं. डबा किती वर्षं टिकेल, झटके कसे सोसेल, संरक्षण सर्किट वेळेवर काम करेल का, यातलं काहीही ही पट्टी सांगत नाही. शिवाय ती चाचणी २३ अंशांच्या खोलीत होते. आपल्याकडे २३ अंश म्हणजे जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतली संध्याकाळ.

म्हणून माझ्या लेखी सोलापूरकराने बघायचा आकडा वेगळा आहे: पूर्ण वॉट किती अंशांपर्यंत देतो. चांगल्या मालिकेच्या माहितीपत्रकात ५० अंशांना सलग पूर्ण वॉट असं लिहिलेलं असतं, मधल्या दर्जाच्या डब्यांत ४० अंश. काही जण हा आकडा लिहीतच नाहीत, ते सोडून दे. मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असताना वरच्या मजल्यावरची, स्लॅब तापलेली खोली दुपारी ३८-४० ला सहज असते. ४० अंशांचा डबा तिथे काठावरच उभा असतो. जानेवारीत घेतलेलं, तासन्‌तास चाचणी करून नीट चाललेलं मशीन एप्रिल-मेमध्ये का बंद पडतं, याचं उत्तर बऱ्याचदा इथेच असतं. दुसरं, आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. १०५ अंशांचे घेतलेले असोत, तरी तापमान १० अंशांनी चढलं की त्यांचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. पुण्यात दहा वर्षं जाणारा डबा इथे तेवढाच जाईल असं गृहीत धरायचं नाही.

कार्यक्षमतेचा खरा फायदा मला इथे दिसतो. आतल्या मशीनला ७७० वॉट लागतायत असं धर. डबा ९० टक्क्यांचा असेल तर त्याच्या पोटात ८५ वॉटच्या आसपास उष्णता उरते. ८५ टक्क्यांचा असेल तर १३५ च्या वर. त्या एवढ्याशा डब्यात ५० वॉटचा फरक म्हणजे पंख्याचा आवाज, कपॅसिटरचं वय, सगळंच बदलतं. गोल्डच्या खाली जाऊ नकोस. प्लॅटिनम परवडत असेल तर आनंद आहे, पण त्यासाठी चांगल्या गोल्डवरून साध्या प्लॅटिनमवर उडी मारू नकोस.

उष्णतेच्या जोडीला धूळ. पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कारखान्याच्या वरच्या खोलीतलं मशीन माझ्याकडे आलं होतं, तक्रार "दुपारी बंद पडतंय". डबा उघडला तर पंख्याच्या आतल्या बाजूला सुताच्या तंतूंचा सलग थर जमलेला. बोटाने धरून ओढला तर अख्खी चकती निघाली, पंख्याच्या मापाची, करड्या रंगाची, टॉवेलच्या कापडासारखी घट्ट. डब्यात बिघाड काहीच नव्हता, हवाच जात नव्हती. तंतू साफ केले आणि तोच डबा पुन्हा चालू झाला. जुळे सोलापुरात तंतू कमी, पण उन्हाळ्याच्या वाऱ्याबरोबर येणारी माती भरपूर. एसएमपीएसच्या तोंडाला काढता येणारी जाळी असलेलं कॅबिनेट घे आणि ती जाळी उन्हाळ्यात दर पंधरवड्याला झटक. डबा स्वतः उघडू नकोस. मेनचा कपॅसिटर ३८०-४०० व्होल्टपर्यंत भरलेला असतो आणि प्लग काढल्यावरही काही वेळ तसाच राहतो.

आणि एक बारीक गोष्ट, पण आपल्या गावात घरोघरी दिसते. टेबलावर चादर अंथरून त्यावर कॅबिनेट ठेवतात. हल्लीच्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस खाली असतो आणि हवा तळातून घेतो. जाड सोलापुरी चादर तिथे लागली की तोंडच बंद. कॅबिनेट उघड्या लाकडावर किंवा फरशीपासून थोडं उंच ठेव.

आता केबल. दोन कार्डांच्या मशीनमध्ये जळण्याचे प्रकार सगळ्यात जास्त इथे होतात, म्हणून सविस्तर लिहितो. तुझ्या आणि येणाऱ्या कार्डावर आठ पिनचे सॉकेट किती, ते आधी मोज. ३०९० मध्ये काहींवर दोन असतात, काहींवर तीन. एका आठ पिनच्या सॉकेटचं प्रमाण १५० वॉट, आणि मदरबोर्डाच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५. दोन्ही कार्डं तीन-तीनची निघाली तर सहा आठ पिनचे कनेक्टर लागतील, शिवाय प्रोसेसरचे दोन वेगळे. वर म्हणालो ती गोम हीच: नव्या एटीएक्स ३.० आणि ३.१ च्या डब्यांत सोळा पिनचा नवा कनेक्टर दिलेला असतो आणि त्याच्या बदल्यात जुने आठ पिनचे कमी केलेले असतात. वॉट १२०० आणि आठ पिनचे चारच, असंही होतं. तो सोळा पिनचा तुझ्या कार्डांना थेट उपयोगाचा नाही. त्यामुळे खोक्यावरची कनेक्टरची यादी वाचूनच घे.

प्रत्येक सॉकेटला डब्यातून निघणारी स्वतंत्र केबल लाव. एकाच केबलला पुढे दोन तोंडं असलेली केबल सोबत येते, ती ३५० वॉटच्या कार्डाच्या दोन सॉकेटना एकटी वापरायची नाही. त्या एका केबलमधून आणि डब्याच्या बाजूच्या एकाच कनेक्टरमधून सगळा प्रवाह जातो आणि प्लास्टिक पिवळं पडून मऊ व्हायला लागतं. तीन सॉकेटच्या कार्डाला केबलच कमी पडल्या तर दोन केबल तरी हव्यात. साटा किंवा मोलेक्स या डिस्कसाठीच्या कनेक्टरमधून आठ पिन बनवणारे जोडपट्टे बाजारात मिळतात, त्यांना हातही लावू नकोस. साटाच्या कनेक्टरला १२ व्होल्टवर ५४ वॉटच सोसतात, आणि तू त्यातून १५० मागणार.

याहून मोठा धोका जुन्या केबलचा. नवा मॉड्युलर (केबल सुट्या होणारा) डबा आला की लोक म्हणतात, जुन्या केबल आधीच छान ओवून ठेवल्यात, डब्याकडचं टोक तेवढं बदलू. कार्डाकडची पिनांची मांडणी सगळीकडे एकच आहे, डब्याकडची प्रत्येक कंपनीची वेगळी आहे, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मालिकांचीही. प्लग सहज बसतो आणि जिथे ग्राउंड हवं तिथे १२ व्होल्ट जातात. स्विच दाबल्याक्षणी एसएसडी, बोर्ड, कार्ड, जे त्या केबलवर असेल ते संपतं. ८५० च्या सगळ्या केबल मशीनमधून काढ, त्याच्याच खोक्यात भर, आणि नव्या डब्यासोबत आलेल्याच केबल वापर.

मदरबोर्डाचाही विचार कर. दोन्ही कार्डांनी स्लॉटमधून पूर्ण ओढलं तर दीडशे वॉटपर्यंत भार बोर्डाच्या चोवीस पिनच्या कनेक्टरमधून जातो, आणि त्यात १२ व्होल्टच्या पिना फक्त दोन. काही बोर्डांवर ग्राफिक्स स्लॉटसाठी जादा सहा पिनचा किंवा मोलेक्सचा सॉकेट याचसाठी दिलेला असतो. असेल तर रिकामा सोडू नकोस. तीन स्लॉट जाडीची दोन कार्डं बोर्डावर बसतात का, मध्ये हवा राहते का, तेही मापून बघ. ३०९० ची निम्मी मेमरी पाठीमागच्या बाजूला असते, तिथे ती प्रचंड तापते, आणि खालच्या कार्डाची ती तापलेली पाठ वरच्या कार्डाच्या पंख्यांसमोर येते.

"आहे तो ८५० राहू दे, दुसऱ्या कार्डाला वेगळा एसएमपीएस जोडू" हा सल्लाही तुला कुणीतरी देईल. क्रिप्टो मायनिंगच्या दिवसांत अशी जोडणी सर्रास होती. त्यात एका कार्डाला स्लॉटमधून एका डब्याची वीज आणि वरून दुसऱ्या डब्याची अशी सरमिसळ होते. एक डबा संरक्षणाने बंद पडला आणि दुसरा चालू राहिला की मधल्या कार्डाचं काय होईल हे नशिबावर. घरच्या मशीनसाठी मी ही जोडणी करून देत नाही.

आता भिंतीकडे येऊ. मर्यादा न घालता ९२० वॉट म्हणजे भिंतीतून हजाराच्या थोडं वर, २३० व्होल्टला साडेचार अँपिअरच्या आत. व्होल्टेज डाऊन होऊन २०० वर आलं की तेवढ्याच कामाला पाच अँपिअरच्या वर. एसएमपीएस काम कमी करत नाही, तो प्रवाह वाढवून घेतो. सहा अँपिअरचा छोटा प्लग कागदावर चालतो, पण रेंडर म्हटलं की हे तासन्‌तास सलग, आणि टेबलामागच्या त्या सॉकेटमध्येच मॉनिटर, स्पीकर, चार्जर यांचा एक्स्टेंशन बोर्ड लोंबकळत असतो. सॉकेटची पकड ढिली असेल तर तिथेच तापायला सुरुवात होते. वायरमनला बोलावून एमसीबीच्या पेटीपासून स्वतंत्र, अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरवर सोळा अँपिअरचा एक पॉवर पॉइंट घालून घे. त्यावर मशीनशिवाय काही नको. १६०० वॉटच्या डब्याला जाड पिनांची वेगळी पॉवर कॉर्ड लागते, हेही त्या दुसऱ्या दुकानदाराने सांगायला हवं होतं.

अर्थिंग. कॅबिनेटला उघड्या पायांनी हात लावला की झिणझिण्या येतात का, हे मी प्रत्येकाला विचारतो, आणि "हो, येतात की थोड्या" हे उत्तर फार ऐकतो. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर बॉडीवर निम्मं व्होल्टेज, म्हणजे ११५ च्या आसपास, तरंगत राहतं. प्रवाह अगदी थोडा असल्याने माणसाला फक्त झिणझिण्या येतात, पण मशीन चालू असताना टीव्हीला एचडीएमआय लावायला जाशील तर कार्डाचा पोर्ट जाऊ शकतो. झिणझिण्या म्हणजे अर्थिंग नाही, याला दुसरा अर्थ नाही.

वायरमनकडून लोडवर मोजून घे. फेज ते अर्थिंग २३० च्या जवळ, न्यूट्रल ते अर्थिंग दोन-तीन व्होल्टच्या आत. नुसत्या मीटरवर भरवसा ठेवू नये, कारण कमकुवत अर्थिंगही मीटरला २३० दाखवतं. फेज आणि अर्थिंगमध्ये १०० वॉटचा बल्ब लावून तो पूर्ण पेटतो का, हे त्यानेच बघावं. घरात आरसीसीबी (गळती झाली की लाईन तोडणारा स्विच) असेल तर ती पडेल, आणि पडली म्हणजे तीही काम करतेय. काही जण सॉकेटच्या आत न्यूट्रललाच अर्थिंगची पिन जोडून देतात, मीटर एकदम छान दाखवतो. ज्या दिवशी न्यूट्रल तुटेल, त्या दिवशी कॅबिनेटच्या पत्र्यावर पूर्ण २३० येतात. सॉकेट उघडायला लावून हे आपल्या डोळ्यांनी बघ.

आपली काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्याचा मातीशी संपर्क तुटत जातो. पावसाळ्यात बरोबर असलेलं अर्थिंग मे महिन्यात कामाचं राहत नाही ते यामुळे. नळाला पाणी काही दिवसांआड येणाऱ्या गावात खड्ड्यात पाणी ओता म्हणून सांगणं जिवावर येतं, पण कपडे धुतलेलं पाणीही चालतं. उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या घाल.

मग येतो वळवाचा पाऊस. विजा, फांद्या तारांवर पडणं, लाईट जाणं-येणं. सर्ज प्रोटेक्टर घे, पण तो झटका अर्थिंगमध्येच सोडतो, त्यामुळे अर्थिंग नसेल तर तो जवळजवळ शोभेचा. त्याहून घातक म्हणजे डीपीपासून (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरपासून) येणारा न्यूट्रल तुटणं. तेव्हा घरात ३००, ३५०, थेट ४०० पर्यंत व्होल्ट येऊ शकतात, आणि चांगल्यात चांगला एसएमपीएसही २६४ व्होल्टपर्यंतच बनवलेला असतो. एमसीबीच्या पेटीत बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर मिळतो, तो मर्यादेबाहेर गेलं की लाईन तोडतो आणि स्थिर झाल्यावर जोडतो. स्टॅबिलायझरपेक्षा मी हे सुचवतो. चांगला एसएमपीएस १०० पासून २४० व्होल्टपर्यंत स्वतःच सांभाळून घेतो, त्याला स्टॅबिलायझरची गरज नसते.

यूपीएसबद्दल सरळ सांगतो: अर्धामुर्धा घेऊ नकोस. ६०० व्हीएचा छोटा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॉट. रेंडर चालू असताना लाईट गेली की तो ओव्हरलोड होऊन त्याच क्षणी बंद. घरच्या इन्व्हर्टरचंही तेच, वर बऱ्याच इन्व्हर्टरची वेव्ह चौकोनी असते आणि ती एसएमपीएसला मानवत नाही. तुझ्या मशीनला प्युअर साइन वेव्हचा, २ केव्हीएच्या वर्गातला यूपीएस लागेल, आणि वॉटमध्ये त्याची क्षमता १२०० च्या वर आहे का ते वेगळं बघावं लागेल. एवढे पैसे आत्ता नसतील तर पुढे घे. तोवर ब्लेंडरमध्ये थेट व्हिडिओ रेंडर करू नकोस, एकेक फ्रेम चित्र म्हणून साठव. लाईट गेली तर हातातली एक फ्रेम जाईल, रात्रभराचं काम जाणार नाही.

आता २८० वॉटची मर्यादा. हा खर्च शून्य आणि फायदा सगळ्यात मोठा. विंडोजवर आफ्टरबर्नर या कार्ड नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिटचा दांडा (३५० वॉटच्या कार्डाला) ८० टक्क्यांवर आण आणि चालू होताना लागू व्हायची खूण करून ठेव. लिनक्सवर एनव्हिडिया-एसएमआयची एका ओळीची आज्ञा आहे, ती रीबूटनंतर विसरली जाते म्हणून सुरुवातीलाच चालेल अशी सोय कर. ३५० वरून २८० वर आल्यावर रेंडरचा वेग पाच टक्क्यांच्या आसपासच कमी होतो, कारण शेवटचे ७० वॉट कार्डाचा क्लॉकचा वेग अगदी टोकाला नेण्यातच खर्च होतात. दोन कार्डांचे मिळून १४० वॉट वाचले. आतला भार ७७० च्या आसपास येतो, १२०० च्या डब्याचे दोन तृतीयांशही नाहीत, आणि झटक्यांना वर भरपूर जागा राहते. उड्या पूर्ण जात नाहीत, पण ठेंगण्या होतात. खोलीत मात्र तरीही ८५०-८६० वॉट उष्णता सोडली जाणार, म्हणजे पाव टनाच्या एसीचं काम तू नुसतं वाढवून ठेवतोयस. दहा तासांचं रेंडर म्हणजे साडेआठ युनिट. कामाचा दर सांगताना हे धरत जा.

हाच हिशोब धरून काही जण १००० वॉटवर भागवतात. मर्यादा घातली, डबा खरोखर उत्तम असला, तर चालतं. मी तुला १२०० सांगतोय ते मे महिन्यासाठी, आणि एखाद्या दिवशी ड्रायव्हर नव्याने टाकल्यावर मर्यादा उडाली तरी मशीन पडू नये म्हणून.

कंपनीचं नाव घेऊन एकच डबा सांगत नाही, कारण एकाच कंपनीच्या वरच्या आणि खालच्या मालिकेत जमीन-अस्मानाचा फरक असतो. कॉर्सेअरची आरएमएक्स आणि एचएक्स, सीसॉनिकची फोकस आणि प्राइम या मालिका माझ्या विश्वासातल्या. दहा वर्षांची वॉरंटी असलेलीच मालिका निवड. नव्या पेठेत घे नाहीतर ऑनलाइन घे, जीएसटीचं बिल आणि खोक्यावरचा सिरियल नंबर यांचा फोटो त्याच दिवशी काढून ठेव. वॉरंटीचं काम बहुतेक वेळा पुण्याला पाठवावं लागतं आणि तिथे हे दोन कागद पहिले मागतात. वापरलेलं कार्ड घेणं समजू शकतो, वापरलेला एसएमपीएस मात्र घेऊ नकोस, त्याच्या आत काय झिजलंय ते बाहेरून कळत नाही.

मशीन जोडल्यावर पहिली चाचणी रात्री करू नकोस, भर दुपारी कर. ओसीसीटी या चाचणीच्या सॉफ्टवेअरमधली पॉवरची चाचणी लाव, म्हणजे प्रोसेसर आणि दोन्ही कार्डं एकदम लोडवर येतात. अर्धा तास शेजारी बसून राहा. १२ व्होल्टचं माप ११.४ च्या खाली जायला नको. दर पाच-दहा मिनिटांनी भिंतीतल्या प्लगला आणि कार्डांच्या केबलना बाहेरून हात लावून बघ. कोमट चालेल, बोट ठेववत नसेल तर लगेच थांबव. जळका किंवा मासळीसारखा वास आला तर मागचा स्विच आधी बंद करायचा, कारण नंतर शोधायचं.

तुझा ८५० वाया जात नाही. एका कार्डाच्या मशीनला तो अजून बरीच वर्षं चालेल, त्याच्या केबलसकट विक किंवा दुसऱ्या मशीनसाठी ठेव. बोर्डाचं मॉडेल, दोन्ही कार्डांवरच्या सॉकेटची संख्या आणि कॅबिनेटचं नाव कळव. त्यावरून केबल पुरतात का आणि कार्डं बसतात का, ते बघून सांगतो. तोवर वायरमनला बोलावून घे.